माता मृत्यू: राज्याची सरासरी आणि झाशी

गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा गर्भधारणा संपल्यापासून 42 दिवसांच्या आत गर्भधारणेशी निगडित कारणाने स्त्रीला आलेल्या मृत्यूला माता मृत्यू म्हणतात. एक लाख जिवंत जन्मांमागे असे किती मृत्यू झाले, यावरून त्याचे प्रमाण ठरते. नमुना नोंदणी योजनेनुसार भारतात हे प्रमाण 2004-06 मध्ये 254 होते. 2018-20 मध्ये ते 97 वर आले. मध्यम उत्पन्नाच्या देशांत ही घट उल्लेखनीय मानली जाते. अर्थात, प्रशिक्षित सुईणींच्या बळावर श्रीलंकेने हा पल्ला कितीतरी आधी गाठला होता.

मात्र सरासरीत फार मोठी तफावत दडलेली आहे. 2018-20 मध्ये केरळमध्ये हे प्रमाण 19, महाराष्ट्रात 33, उत्तर प्रदेशात 167 आणि मध्य प्रदेशात 173 होते. झाशी या शेवटच्या दोन राज्यांच्या सीमेवर वसलेली आहे. मग झाशीचे स्वतःचे प्रमाण किती? नमुना नोंदणीतून जिल्ह्याचा आकडा मिळत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 20 लाख होती. वर्षाला 40 हजार जन्म धरले, तर राज्याच्या प्रमाणाने साठ-सत्तर मृत्यू होतात. एवढी लहान संख्या नमुन्याच्या पाहणीत हाती लागत नाही. रुग्णालयाच्या नोंदीही पुरेशा नाहीत, कारण येथील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात.

अतिरक्तस्राव, उच्च रक्तदाब आणि जंतुसंसर्ग ही मृत्यूची प्रमुख कारणे आहेत. रक्तक्षयामुळे धोका आणखी वाढतो. या बहुतेक कारणांवर उपचार आहेत. विलंब होतो तो रुग्णालयात जाण्याचा निर्णय घेण्यात, तेथे पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. 2005 मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील प्रसूतींना चालना दिली. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया व वाहतूक विनामूल्य केली. यातून पहिले दोन विलंब कमी होऊ शकतात. तिसऱ्यासाठी रक्त, भूलतज्ज्ञ आणि रात्रीही हजर असलेला डॉक्टर लागतो.

म्हणूनच प्रमाणापेक्षा प्रत्येक मृत्यूची चौकशी अधिक मोलाची ठरते. 2010 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गावपातळीवर आशा कार्यकर्तीने मृत्यूची खबर द्यायची असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीत मृत स्त्रीच्या नातेवाइकांनाही बोलावले जाते, आणि घरातून निघाल्यापासून काय घडले हे त्यांच्याच तोंडून ऐकले जाते.