दूरचित्रवाणी परवाना रद्द करणे (युनायटेड किंग्डम)

युनायटेड किंग्डममध्ये दूरचित्रवाणी परवाना रद्द करणे म्हणजे एखाद्या कुटुंबाने आपल्या पत्त्यावर घेतलेला दूरचित्रवाणी पाहण्याचा वार्षिक परवाना मुदतीपूर्वी संपुष्टात आणणे किंवा मुदत संपल्यावर त्याचे नूतनीकरण न करणे होय. या परवान्याच्या शुल्कातून मुख्यत्वे ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन (बीबीसी) या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा खर्च चालतो. ज्या घरात कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण पाहिले जात नाही आणि बीबीसीची आयप्लेयर ही सेवा वापरली जात नाही, त्या घराला परवाना घेणे बंधनकारक नाही. मात्र परवान्याविना यांपैकी एकही गोष्ट करणे हा फौजदारी गुन्हा आहे. त्यामुळे परवाना ठेवावा की सोडावा, या प्रश्नाचे उत्तर बीबीसीविषयीच्या मतावर नव्हे, तर घरातील माणसे प्रत्यक्षात काय, केव्हा आणि कशावर पाहतात यावर अवलंबून असते.

## इतिहास

ब्रिटनमध्ये नभोवाणी ऐकण्यासाठी १९२२ साली १० शिलिंग शुल्काचा परवाना सुरू झाला. बीबीसीची स्थापनाही त्याच वर्षी झाली. दुसऱ्या महायुद्धामुळे बंद पडलेले दूरचित्रवाणी प्रक्षेपण पुन्हा सुरू होताना, जून १९४६ मध्ये, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांचा एकत्रित परवाना आला. त्याचे शुल्क २ पौंड होते. रंगीत प्रक्षेपणासाठी जानेवारी १९६८ पासून ५ पौंडांचे अधिक शुल्क लागू झाले. केवळ नभोवाणीसाठीचा परवाना फेब्रुवारी १९७१ मध्ये रद्द करण्यात आला. तेव्हापासून नभोवाणी ऐकण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही.

परवाना व्यवस्थेची जबाबदारी १९९१ पासून बीबीसीकडे आहे. प्रत्यक्ष वसुलीचे काम 'टीव्ही लायसन्सिंग' या नावाने कंत्राटदारांमार्फत चालते. शुल्काचा दर मात्र सरकार ठरवते. एप्रिल २०२१ पासून १५९ पौंडांवर असलेले शुल्क तीन वर्षे तसेच राहिले. एप्रिल २०२४ मध्ये ते १६९.५० पौंड झाले आणि १ एप्रिल २०२५ रोजी १७४.५० पौंड करण्यात आले. कृष्णधवल संचासाठी वेगळा, कमी शुल्काचा परवाना आजही मिळतो.

## परवाना केव्हा लागतो

सध्याची व्यवस्था मुख्यतः २००३ च्या संप्रेषण कायद्यावर आधारलेली आहे. घरात दूरचित्रवाणी संच असणे हा परवान्याचा निकष नाही. त्याचा उपयोग कशासाठी होतो, हा निकष आहे. पुढील गोष्टींसाठी परवाना आवश्यक असतो:

* कोणत्याही वाहिनीचा कार्यक्रम प्रक्षेपणाच्या वेळीच पाहणे. वाहिनी बीबीसीची असो, खासगी असो वा परदेशी, नियम एकच आहे.
* असा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवणे.
* आंतरजालावरील सेवांवर दूरचित्रवाणीचे थेट प्रक्षेपण पाहणे. उदाहरणार्थ, यूट्यूबवर एखादी वृत्तवाहिनी थेट पाहणे किंवा ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर सामन्याचे थेट प्रक्षेपण पाहणे.
* बीबीसी आयप्लेयरवरील कार्यक्रम पाहणे. जुने कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठीही १ सप्टेंबर २०१६ पासून परवाना आवश्यक झाला आहे.

उपकरण कोणते, याने फरक पडत नाही. संच, संगणक, टॅब्लेट व मोबाइल या सर्वांना हेच नियम लागू होतात.

याउलट नेटफ्लिक्ससारख्या सेवांवरील चित्रपट व मालिका सवडीने पाहणे, बीबीसीखेरीज इतर वाहिन्यांचे प्रक्षेपित होऊन गेलेले कार्यक्रम त्यांच्या संकेतस्थळांवर पाहणे, यूट्यूबवरील साध्या चित्रफिती पाहणे, डीव्हीडी लावणे, संचावर खेळ खेळणे आणि नभोवाणी ऐकणे यांसाठी परवाना लागत नाही.

या नियमांविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. शुल्क बीबीसीसाठी असल्याने बीबीसी न पाहणाऱ्यास ते लागू नाही, असे अनेकांना वाटते. कायद्याची अट मात्र 'थेट प्रक्षेपण' ही आहे. ब्रिटनमधील एखादे मराठी कुटुंब भारतातील वाहिनीवरील मालिका ॲपद्वारे प्रक्षेपणाच्या वेळीच पाहत असेल किंवा क्रिकेटचा सामना थेट पाहत असेल, तर त्या कुटुंबाने बीबीसी कधीही पाहिली नसली तरी त्याला परवाना लागतो. त्याच मालिकेचा भाग प्रक्षेपणानंतर सवडीने पाहिल्यास परवाना लागत नाही.

## निर्णयाचे निकष

### घरातील सर्वांच्या सवयी

परवाना व्यक्तीचा नसून पत्त्याचा असतो. एका घरातील सर्व सदस्य व सर्व उपकरणे एकाच परवान्यात येतात. म्हणूनच रद्द करण्याचा निर्णयही एका व्यक्तीपुरता राहत नाही. कुटुंबप्रमुख काही पाहत नसला, तरी मुलगा मोबाइलवर फुटबॉलचा सामना थेट पाहत असेल किंवा आजी दुपारी बातम्या लावत असेल, तर त्या घराला परवान्याची गरज आहे. वर्षातून एकदाच थेट प्रक्षेपण पाहिले तरी नियमाला अपवाद होत नाही. निवडणुकीचे निकाल, राष्ट्रीय समारंभ, विश्वचषकाचा अंतिम सामना अशा प्रसंगांचा विचार यासाठी आधीच करावा लागतो.

### आर्थिक बाजू

१७४.५० पौंड या दराने महिन्याचा खर्च सुमारे १४.५४ पौंड पडतो. मोठ्या कुटुंबात तो माणशी अल्प ठरतो. एकट्या राहणाऱ्या, अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीला मात्र तेवढाच भरावा लागतो. परवाना सोडून त्याऐवजी दोन-तीन सशुल्क सेवा घेतल्यास बचत होतेच असे नाही.

रद्द करण्यापूर्वी आपण एखाद्या सवलतीस पात्र आहोत का, हे पाहणे हिताचे असते. ७५ वर्षांवरील व्यक्तींना २००० सालापासून मिळणारा विनामूल्य परवाना १ ऑगस्ट २०२० पासून 'पेन्शन क्रेडिट' हे साहाय्य मिळणाऱ्या कुटुंबांपुरता मर्यादित झाला आहे. दृष्टीहीन म्हणून नोंद असलेल्या व्यक्तींना शुल्कात ५० टक्के सूट मिळते. एकरकमी भरणा जड जात असेल, तर हप्त्यांनी भरण्याच्या योजनाही आहेत. एकाकी वृद्धांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण त्यांच्यासाठी दूरचित्रवाणी हे बाहेरील जगाशी जोडणारे मुख्य साधन असू शकते.

### विद्यार्थी व भाडेकरू

वसतिगृहातील खोली हा सामान्यतः स्वतंत्र पत्ता मानला जातो. अनेकांनी मिळून एकाच करारावर घर भाड्याने घेतले असेल, तर सहसा एक परवाना पुरतो. प्रत्येकाचा करार वेगळा असेल, तर प्रत्येकाला वेगळा परवाना लागू शकतो. विद्यार्थ्याच्या कायमच्या घरी परवाना असेल आणि तो विजेच्या जोडणीस किंवा अँटेनास न लावलेल्या, केवळ स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणावर पाहत असेल, तर घरचा परवाना त्याला पुरतो. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांचे कायमचे घर ब्रिटनबाहेर असल्याने त्यांना ही तरतूद उपयोगी पडत नाही.

## रद्द करण्याची पद्धत

1. पाहणे थांबवणे. परवाना संपण्याच्या दिवसापासून घरातील सर्व थेट प्रक्षेपण व आयप्लेयरचा वापर थांबलेला असला पाहिजे. संचाची अँटेना काढून ठेवणे व आयप्लेयरचे ॲप काढून टाकणे कायद्याने आवश्यक नसले, तरी त्यामुळे नकळत होणारा नियमभंग टळतो.
2. कळवणे. परवान्याची गरज उरली नसल्याचे टीव्ही लायसन्सिंगला संकेतस्थळावरून किंवा दूरध्वनीने कळवले जाते. 'परवान्याची गरज नाही' असे निवेदन नोंदवल्यास त्या पत्त्यावर येणारी स्मरणपत्रे काही काळ थांबतात. साधारणतः दोन वर्षांनी पुन्हा विचारणा होते.
3. बँकेचा आदेश थांबवणे. शुल्क डायरेक्ट डेबिटने जात असेल, तर परवाना रद्द झाल्याची खात्री करून मगच बँकेला दिलेला आदेश रद्द करावा. केवळ बँकेचा आदेश थांबवला आणि पाहणे चालू ठेवले, तर त्याला परवाना रद्द करणे म्हणता येत नाही.
4. परतावा मागणे. परवान्याची किमान एक पूर्ण महिन्याची मुदत शिल्लक असेल आणि ती संपण्यापूर्वी परवान्याची पुन्हा गरज पडणार नसेल, तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा मागता येतो. १७४.५० पौंड पूर्ण भरलेल्या परवान्याचे चार महिने शिल्लक असतील, तर ही रक्कम सुमारे ५८ पौंड होते.

घर बदलताना परवाना रद्द करण्याची गरज नसते. तो नव्या पत्त्यावर हलवता येतो. नोकरी वा शिक्षणासाठी काही वर्षे राहून मायदेशी परतणाऱ्या कुटुंबांनी मात्र निघण्यापूर्वी तो रद्द करून परताव्याची मागणी करणे सोयीचे ठरते. परवाना रद्द केल्यानंतर पाहण्याच्या सवयी बदलल्या, तर नवा परवाना केव्हाही घेता येतो. मात्र तो पाहणे सुरू करण्यापूर्वी घ्यावा लागतो.

## तपासणी व दंड

परवाना नसलेल्या पत्त्यांवर टीव्ही लायसन्सिंगकडून पत्रे पाठवली जातात व प्रतिनिधी भेटही देऊ शकतो. निवेदन नोंदवलेल्या घरांनाही अशी भेट होऊ शकते. रहिवाशाच्या संमतीविना घरात शिरण्याचा अधिकार प्रतिनिधीला नसतो. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडून (स्कॉटलंडमध्ये शेरीफकडून) झडतीचे वॉरंट मिळवावे लागते. परवान्याविना प्रक्षेपण पाहणारे संच शोधणारी वाहने १९५२ पासून वापरात आली.

परवान्याविना थेट प्रक्षेपण किंवा आयप्लेयर पाहिल्याचे सिद्ध झाल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय न्यायालयीन खर्चही भरावा लागू शकतो. या गुन्ह्यासाठी थेट कारावासाची शिक्षा नाही. मात्र न्यायालयाने ठोठावलेला दंड हेतुपुरस्सर न भरल्यास पुढील कारवाई होऊ शकते.

## वाद

परवाना शुल्काचे समर्थक असे मांडतात की, या शुल्कामुळे जाहिरातमुक्त वाहिन्या, नभोवाणी केंद्रे, शैक्षणिक कार्यक्रम आणि अल्पसंख्याकांच्या भाषांतील प्रसारण शक्य होते. वेल्श भाषेतील एस-फोर-सी या वाहिनीचा सार्वजनिक निधी २०२२ पासून पूर्णतः याच शुल्कातून दिला जातो. बीबीसीच्या जागतिक सेवेचा मोठा खर्चही परवाना शुल्कातून भागतो. उर्वरित भाग मुख्यतः सरकारी अनुदानातून येतो. याच सेवेच्या विस्तारात २ ऑक्टोबर २०१७ रोजी 'बीबीसी मराठी' सुरू झाली. प्रत्येकाने आपापल्या घरापुरता हिशोब केला, तर सर्वांच्या उपयोगाची ही व्यवस्था टिकणार नाही, अशी समर्थकांची भीती आहे.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा की, उत्पन्न कितीही असले तरी शुल्क सारखेच असल्याने त्याचा भार गरिबांवर अधिक पडतो. बीबीसी न पाहणाऱ्याने इतर वाहिन्या पाहण्यासाठी तिचे शुल्क का भरावे, हाही प्रश्न विचारला जातो. या गुन्ह्यासाठी शिक्षा होणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अनेक वर्षे सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक राहिले आहे. प्रतिनिधीच्या भेटीच्या वेळी स्त्रिया घरी असण्याची शक्यता अधिक असते आणि एकल पालक असलेल्या कुटुंबांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, ही त्याची कारणे सांगितली जातात.

हा गुन्हा फौजदारी कायद्यातून वगळावा का, याचा आढावा विधिज्ञ डेव्हिड पेरी यांनी २०१५ मध्ये घेतला आणि तत्कालीन व्यवस्था कायम ठेवण्याची शिफारस केली. सरकारने २०२० मध्ये या विषयावर पुन्हा जनमत मागवले. परंतु जानेवारी २०२१ मध्ये तूर्त बदल न करण्याचे जाहीर केले. बीबीसीच्या सध्याच्या राजसनदेची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. त्यामुळे परवाना पद्धतीच्या भवितव्याची चर्चा या मुदतीशी जोडलेली आहे.

## इतर देशांतील स्थिती

परवाना रद्द करण्याची मुभा प्रत्येक देशात सारखी नाही. जर्मनीत २०१३ पासून प्रत्येक निवासस्थानामागे प्रसारण अंशदान आकारले जाते. घरात संच आहे की नाही हे तेथे पाहिले जात नसल्याने 'आम्ही पाहत नाही' या कारणाने ते थांबवता येत नाही. आयर्लंडमध्ये १६० युरोंचा परवाना संच बाळगण्याशी जोडलेला आहे. फ्रान्सने असे शुल्क २०२२ मध्ये रद्द केले.

भारतातही नभोवाणी व दूरचित्रवाणी संचांसाठी परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी टपाल कार्यालयात शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्रातील प्रेक्षकांनाही हाच नियम लागू होता. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत बंद झाली. आता आकाशवाणी व दूरदर्शन यांचा खर्च सरकारी अनुदान आणि जाहिरातींसारख्या उत्पन्नातून भागवला जातो. भारतीय प्रेक्षक त्यासाठी वेगळे शुल्क भरत नसला, तरी करांच्या रूपाने त्यात त्याचा वाटा असतो आणि ब्रिटिश कुटुंबाप्रमाणे तो थांबवण्याचा पर्याय त्याच्यापुढे नसतो.