दप्तर आणि तळघर

राजधानी म्हटली की पगड्या आल्या, आणि पगड्या आल्या की कुरबुरी आल्याच! बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतली गॅलिफ्रे ग्रहाची राजधानी कॅपिटॉल याला अपवाद कशी असेल? १९६९ साली ‘द वॉर गेम्स’मध्ये दिसलेले टाइम लॉर्ड कसे देवासारखे गंभीर! १९७६ साली रॉबर्ट होम्सने ‘द डेडली असॅसिन’मध्ये त्यांच्या घराचं दार उघडलं, तर आत सुपाएवढ्या कॉलरी मिरवणारी म्हातारी मंडळी! काही प्रेक्षक चिडले. मला मात्र ही राजधानी तिथंच खरी वाटली.

साऱ्या सत्तेचा उगम पायाखालच्या तळघरात. त्याच्या किल्ल्या म्हणजे अध्यक्षाचा दंड नि पट्टा. पण हे सगळे विसरलेले! लक्षात होतं ते फक्त चोराच्या, म्हणजे मास्टरच्या. अर्धं शहर ढासळलं. तेव्हा वडीलधाऱ्या बोरूसांनी काय केलं? मास्टरला सामील झालेल्या चॅन्सेलर गॉथलाच वीरपुरुष म्हणून दप्तरी चढवलं.

अहो, अशी सवय महागात पडते. २०२० च्या भागांत त्याच मास्टरने अख्खी राजधानी बेचिराख केली. कारण? मूळ इतिहासच खोटा लिहिलेला निघाला! तळघराला पहारा हवाच. पण माझं म्हणाल, तर आधी दप्तराला.