सोयाबीनच्या हिशोबपट्टीवर भाष्य

लातूर-नांदेडच्या मोंढ्यात ‘आपला भरवशाचा आडत्या’ हे शब्द रोज कानावर पडतात. हा भरवसा नेमका कशावर असतो, ते आडतीवर मिळणाऱ्या पट्टीत ओळीओळीने दिसते.

शेतकऱ्याचे नाव, गाव. गाव लिहिले की ओळख पटते. इथे जास्त सांगण्यासारखे नाही.

भाव, प्रति क्विंटल. पूर्वी सौदा रुमालाखाली, बोटे दाबून व्हायचा. मालाच्या धन्याला आकडा शेवटी कळायचा, त्यामुळे आडत्यावर भार टाकण्यावाचून गत्यंतर नसे. नियंत्रित बाजारात उघड लिलाव आला आणि ही ओळ भरवशाच्या कक्षेतून बरीचशी बाहेर पडली, हे फार चांगले झाले.

ओलावा. सगळी कुरबुर या ओळीवर होते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलावा चालतो. 2024च्या हंगामात केंद्राने तो 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतला. तेव्हा हमीभाव 4,892 रुपये होता आणि मोंढ्यातला भाव त्याच्या खालीच राहिला. यंत्रात मूठभर दाणे घालतात, आकडा उमटतो. पण मूठ पोत्याच्या वरून घेतली की तळातून, हे पट्टीवर येत नाही. पोते कुठे उघडायचे हे मालवाल्याने सांगावे आणि आकडा त्याच्यासमोर वाचावा. तेवढे झाले तर पुष्कळ वाद मिटतील.

हमाली, तोलाई. ही मालाच्या रकमेतून कापली जाते. बाजार फी मात्र खरेदीदाराने भरायची असते. हा फरक ठाऊक असलेला शेतकरी पट्टी निवांत वाचतो.

मागील उचल वजा. पेरणीला बियाण्यासाठी, खतासाठी, कधी दवाखान्यासाठी घेतलेली रक्कम इथे वळती होते. कागदाची घाई न करता आडत्या अडीनडीला उभा राहतो, ते उपकार शेतकरी विसरत नाही. पण उचल घेतली की माल त्याच दुकानी उतरवावा लागतो. शेजारच्या आडतीवर भाव बरा निघाला तरी पोती तिकडे वळवता येत नाहीत. या बांधिलकीलाही मोंढ्यात भरवसाच म्हणतात. मला ते मान्य नाही. दुसरीकडे जायची मोकळीक असून जो त्याच ओट्यावर येतो, त्याच्याच येण्याला भरवसा म्हणावे.

निव्वळ देणे. बाजार समितीच्या नियमांचा रोख पैसे त्याच दिवशी चुकते करण्यावर आहे. ‘परवा या’ म्हटल्यावर शेतकरी मुकाट्याने गावी परततो, तेव्हा तो खरे तर आडत्याला बिनव्याजी उचल देत असतो. ती मात्र कोणत्याच पट्टीवर लिहिलेली नसते.