भुकेची नोंदवही

सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनमधल्या निर्वासित डच सरकारच्या आदेशावरून नेदरलँड्सच्या रेल्वे कामगारांनी संप केला आणि सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारे अन्न अडवले. नोव्हेंबरात बंदी सैल झाली, पण तोवर कालवे गोठू लागले होते आणि मालाच्या नावा जागच्या जागी अडकल्या. रेशनचा शिधा महिनाअखेर दिवसाला १,००० उष्मांकांच्या खाली गेला आणि पुढे वसंत ऋतूपर्यंत ४०० ते ८०० वर रेंगाळला. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरेचे बीट शिजवून दिवस ढकलले. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला तेव्हा सुमारे २०,००० माणसे भुकेने गेली होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात याच्या कैक पटींनी माणसे मेली. तरीही आईच्या पोटातल्या भुकेचे पुढे काय होते, हे विचारताना वैद्यक डच हिवाळ्याकडेच वळते. कारण साधे आहे. तिथे रेशनचे आकडे, जन्मनोंदी, प्रसूतिगृहांचे कागद जपलेले होते आणि एकोणिसाव्या वर्षी लष्करासाठी होणाऱ्या तपासणीत मुलांची वजने पुन्हा लिहिली जात होती. एपिजेनेटिक्सचे, म्हणजे डीएनएची अक्षरे न बदलता जनुकांवर उमटणाऱ्या खुणांच्या शास्त्राचे, वैद्यकातले भवितव्य औषधांच्या कारखान्यापेक्षा अशा दप्तरावर अधिक अवलंबून आहे, असे हा इतिहास सांगतो.

हे दप्तर किती बोलके निघाले पाहा. १९७६ मध्ये सुमारे तीन लाख तरुणांच्या लष्करी नोंदी तपासल्या गेल्या. आईच्या गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात भूक सोसलेल्यांत लठ्ठपणा जास्त आढळला. शेवटच्या महिन्यांत सोसलेल्यांत तो कमी होता. म्हणजे किती भूक, याइतकेच केव्हाची भूक, यालाही महत्त्व होते. २००८ मध्ये संशोधकांनी गर्भधारणेच्या सुमारास दुष्काळ लागलेल्या माणसांचे रक्त त्यांच्याच, दुष्काळ न लागलेल्या सख्ख्या भावंडांच्या रक्ताशी ताडून पाहिले. डीएनएची अक्षरे तीच राहतात, पण त्यांवर मिथाइलचे बारीक रेणू चिकटतात आणि जनुक किती बोलेल हे त्यांवरही ठरते. वाढीशी निगडित आयजीएफ-२ या जनुकावरच्या या खुणा दुष्काळाच्या मुलांत साठ वर्षांनंतरही सुमारे पाच टक्क्यांनी कमी भरल्या.

पाच टक्क्यांवर एवढा इमला कशाला, असे कुणी विचारील, आणि ते रास्तच आहे. रक्तातली खूण यकृतातही असेलच असे नाही. तपासणीपर्यंत जगले तेच मोजले गेले. शिवाय खुणेमुळे रोग होतो की दोन्ही एकाच कारणाची फळे, हे अशा तुलनेतून ठरत नाही. पण या शंकांचा निवाडा आणखी बारीक यंत्राने होणार नाही. त्यासाठी जन्माआधीपासून लिहिलेल्या आणखी नोंदी लागतील.

दुसरा आक्षेप औषधांचा. १९६० च्या दशकात प्राग इथे तयार झालेले अ‍ॅझासिटिडीन मिथाइलच्या खुणा पुसते, हे १९८० मध्ये दिसले. २००४ मध्ये अमेरिकेत रक्तपेशी बिघडवणाऱ्या मज्जाविकारांसाठी त्याला मान्यता मिळाली. म्हणजे भविष्य येऊन ठेपलेच की! मात्र हे औषध नेमकी एक ओळ खोडत नाही, पानभर बोळा फिरवते. कर्करोगासारख्या आजारात तो धोका पत्करता येतो. मधुमेह होऊ नये म्हणून निरोगी तरुणाला ते कोण देईल?

तिथे पुण्याचे काम उपयोगी पडते. १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आहार आणि बाळांचे माप लिहून ठेवले. बाळे सरासरी २.७ किलोची, हडकुळी, तरी त्वचेखाली चरबी राखून असलेली होती. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. मिथाइलचा पुरवठा याच दोन जीवनसत्त्वांवर चालतो. म्हणून पुढे त्याच मुलामुलींना, ती आईबाप होण्याआधीच, बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. सारा दोष आईच्या ताटावर ढकलण्यासाठी हे वाचू नये. ताटात काय पडते हे पाऊस, मजुरी आणि रेशन ठरवतात, हे डच कालव्यांनीही दाखवले. आज अंगणवाडीत बाळाचे वजन होते आणि कार्डावर ठिपका पडतो. लसी संपल्या की ते कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाते. ते साठ वर्षे टिकवायचे, एवढे साधे काम आधी करावे लागेल.