महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर

पंढरपूरजवळच्या करकंबला माझा दातांचा दवाखाना आहे. दात काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनल, कवळी एवढं मी बघतो. तारा लावणारे डॉक्टर महिन्यातून एकदा बाहेरून येतात. त्या दिवशी बाकावर पोरांची रांग लागते आणि तारेला कुठल्या रंगाचं रबर लावायचं यावर घासाघीस चालते.

आमच्या धंद्यात माणसं कमी असणं नवं नाही. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी देशातलं पहिलं दंत महाविद्यालय कलकत्त्यात काढलं ते 1920 साली. मुंबईचं नायर 1933 चं. पदवीधर मूठभर, म्हणून 1948 च्या कायद्यानं नोंदवहीचे दोन भाग केले. ‘अ’मध्ये पदवीवाले, ‘ब’मध्ये पदवी नसली तरी पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. हाताशी होती ती माणसं सरकारनं रीतसर कामाला लावली.

वाकडे दात सरळ करण्याची शाखा आपल्याकडे त्याहून उशिराची. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी 1900 सालीच तिची वेगळी शाळा काढली. आपल्याकडे इंडियन ऑर्थोडोंटिक सोसायटी 1965 ची. पुढं खासगी कॉलेजं निघाली, सोलापुरातही झालं. तरी बीडीएसनंतर तीन वर्षं एमडीएस केलेला माणूस शहरातच बसतो, आणि त्याचं गणित चूक नाही. एकट्या करकंबच्या तोंडांवर त्याची खुर्ची दिवसभर चालणार नाही. म्हणून तो गावोगावचे वार वाटून घेतो.

पण तारेचं काम दीड-दोन वर्षांचं, आणि आमचा मुलूख उसाचा. पोरगं कांडं दातानं सोलतं, ब्रॅकेट निघतं, तारेचं टोक गालात घुसतं. आई विचारते, “डॉक्टर, मोठे डॉक्टर कधी येणार?” मी टोक कापून मेण लावतो, बाकीचं पुढच्या वारावर.

2023 साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला. आयोगानं कॉलेजातल्या जागा जरूर मोजाव्यात, पण तारेचे किती पेशंट अर्धवट सुटले तेही मोजावं. एमडीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरलेला वार द्यावा, आणि निघालेलं ब्रॅकेट पुन्हा चिकटवायचा सराव बीडीएसलाच पक्का करून घ्यावा. करकंबला पूर्णवेळ ऑर्थो मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर आजची पोरं बाशिंग बांधून मोकळी होतील.