सिंबांग गाबी
फिलिपीन्समधील कॅथलिकांचा १६ ते २४ डिसेंबर असा नऊ दिवस चालणारा, पहाटेच्या मिस्सांचा नाताळपूर्व विधी. स्पॅनिश मिशनऱ्यांनी ही प्रथा मेक्सिकोतून आणली (→ मॅनिला गॅलियन). शेतकऱ्यांना उन्हाआधी शेतावर जाता यावे म्हणून वेळ पहाटेची ठरली. शहरांत आता नोकरदारांसाठी आदल्या संध्याकाळीही मिस्सा होते. घरांवर ताऱ्याच्या आकाराचे ‘पारोल’ कंदील लागतात. मिस्सेनंतर चर्चबाहेर खाली-वर निखारे ठेवून भाजलेला तांदळाचा ‘बिबिंगका’ आणि बांबूच्या नळीत वाफवून ओले खोबरे व कच्ची साखर घातलेला जांभळा ‘पुतो बुंबोंग’ केळीच्या पानावर मिळतो. २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर कुटुंब एकत्र जेवते (→ नोचे बुएना). स्थलांतरित फिलिपिनो कामगारांनी हा विधी आखाती देशांतही जपला आहे.