दोन संगणक, दोन घड्याळे

ऑगस्ट १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात बोललेला आवाज अर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावरून मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन प्रयोगशाळेत ऐकू आला. त्यामागे संशोधक डॅनी कोहेन होते. आवाजाचा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवण्यात अर्थ नाही, कारण येईपर्यंत त्याची वेळ टळलेली असते, हे त्यांनी ओळखले. हरवलेले परत न मागणारी यूडीपी ही पद्धत १९८० मध्ये प्रमाण ठरली, त्यामागे त्यांचा हाच आग्रह होता.

एकाच इमारतीतल्या संगणकांत तर आवाज पाठवणे सोपे व्हायला हवे. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १४ लाख बिट लागतात आणि जुने इथरनेटही १ कोटी बिट नेत असे. अडचण जागेची नव्हतीच, वेळेची होती.

प्रत्येक साउंड कार्ड आपापल्या स्फटिकाच्या ठोक्यावर चालते. दोन स्फटिकांत दहा लाखांत फक्त ५० ठोक्यांचा फरक असला, तरी तासाभरात आवाज ०.१८ सेकंद पुढेमागे होतो. मधला बफर, म्हणजे आवाज तात्पुरता साठवण्याची जागा, टाकीसारखा असतो: एक यंत्र ती भरते, दुसरे रिकामी करते, आणि वेग जुळला नाही की ती कधीतरी कोरडी पडते किंवा वाहू लागते. टाकी मोठी केली तर निभावते, पण मग आवाज उशिरा येतो. गाण्याला ते चालते, संभाषणाला नाही.

डीईसी कंपनीच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेतून १९९३ च्या सुमारास आलेल्या ऑडिओफाइल प्रणालीने या प्रश्नाला थेट हात घातला. आवाज वाजवायचा तर तो यंत्राच्या घड्याळात नेमका केव्हा वाजवायचा, हेही प्रोग्रॅमने सांगायचे. इतकी स्वच्छ मांडणी या क्षेत्रात क्वचितच झाली असेल.

२००४ मध्ये लेनार्ट पोएटरिंग यांनी लिनक्ससाठी पुढे पल्सऑडिओ म्हणून ओळखली गेलेली आवाजाची प्रणाली सुरू केली. त्याच वर्षी ॲपलच्या एअरपोर्ट एक्स्प्रेसमुळे आयट्यून्समधले गाणे खोलीतल्या स्पीकरवर वाजू लागले, सुमारे दोन सेकंद उशिरा आणि कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात, होऊन. त्यातली खासगी किल्ली २०११ मध्ये जेम्स लेअर्ड यांनी शोधली आणि शेअरपोर्ट लिहिले. मग कोणताही साधा संगणक असा स्पीकर बनू शकला.

त्याच वंशातले शेअरपोर्ट सिंक आजही घड्याळांचा फरक मोजत राहते आणि गरजेप्रमाणे आवाजाचा एखादा नमुना वाढवते किंवा गाळते. सेकंदाला असे ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापे, असतात. त्यातला एक गेला तर कानाला पत्ता लागत नाही.